वाचक पाहून बदलणारें पान

छापील ग्रंथ वाचकाकडे पाहत नाहीं. पुण्यास एखाद्या वृद्ध शास्त्रीबुवांनीं उघडलेला अमरकोश आणि नागपुरास पांचवींतल्या मुलानें उघडलेला अमरकोश, आवृत्ति एकच असेल तर, अक्षरशः सारखे असावयाचे. शास्त्रीबुवांना तो पाठ आहे म्हणून त्यांच्या प्रतींतून चार पानें गळलीं, किंवा मुलाला जड जाईल म्हणून त्याच्या प्रतींत नानार्थवर्ग दडून बसला, असें कधीं घडावयाचें नाहीं. परंतु आज आपल्या घराघरांतून मोबाइलच्या वा संगणकाच्या कांचेवर जीं पानें उघडतात, त्यांस हा निर्बंध राहिलेला नाहीं. एकाच पत्त्यावरचें एकच पान आजोबांना एका रूपांत, सुनेला दुसऱ्या रूपांत व नातीला तिसऱ्याच रूपांत दिसूं शकतें. आणि तें तसें दिसावें अशी योजना करणें हें संगणकविद्येचें एक स्वतंत्र अंगच होऊन बसलें आहे.

आम्ही कांहीं संगणकतज्ज्ञ नव्हे. आमचें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. तथापि सेवानिवृत्तीच्या रिकामपणीं हा विषय जसजसा वाचीत गेलों, तसतसें आम्हांस असें दिसूं लागलें कीं, यांतील यंत्राचा भाग नवा असला तरी मुख्य प्रश्न आमच्या जुन्या ओळखीचे आहेत. मीमांसाशास्त्रांत 'ऊह' म्हणून एक विचार आहे. एखादा याग मूळ धरून त्याच्या धर्तीवर दुसरा याग करावयाचा असतां, मूळ मंत्रांत अग्नीचें नांव असेल आणि नव्या यागाची देवता सूर्य असेल, तर मंत्रांत अग्नीच्या जागीं सूर्याचें नांव घालावें लागतें. प्रसंग पाहून मंत्रांत असा बदल करणें याचेंच नांव ऊह. जैमिनींच्या सूत्रांचा नववा अध्याय या विचाराला वाहिलेला आहे, आणि पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभीं व्याकरणाचीं प्रयोजनें सांगतांना रक्षेच्या पाठोपाठ ऊहाचेंच नांव घेतलें आहे. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ऊह कोठें करावा याचा मीमांसकांनीं जितका खल केला, तितकाच तो कोठें करूं नये याचाहि केला. हाच दुसरा अर्धा भाग हल्लींच्या पानरचनाकारांकडून उपेक्षिला जातो, असें आमचें मत झालें आहे.

आतां पान बदलावयाचें तर कशावरून? प्रथम प्रसंग कळला पाहिजे. यासाठीं इंग्रजींत 'कॉन्टेक्स्ट' हा शब्द योजतात. आम्ही त्यास देशकाल म्हणूं. वाचक कोठें आहे, त्याच्या हातीं कोणतें यंत्र आहे, त्याला कोणती भाषा येते, वेळ रात्रीची कीं दिवसाची, हें सारें त्यांत आलें. १९९४ सालीं बिल शिलिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत यंत्रांना असें देशकालाचें भान देण्याची कल्पना मांडली, आणि २००१ सालीं अनिंद डे यांनीं तिची जी व्याख्या केली ती आजहि प्रमाण मानली जाते. आपल्या वाचकभगिनींस मात्र ही कल्पना मुळींच नवी वाटूं नये. घरांत सत्यनारायण असो कीं श्रावणी असो, कर्माच्या आरंभीं यजमान संकल्प सोडतो तेव्हां संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि हीं उच्चारतो. आपण गोदावरीच्या दक्षिण तीरीं आहों कीं उत्तर तीरीं हें सांगतो. आपलें नांव व गोत्र सांगतो. आणि हें कर्म कशाकरितां हेंहि सांगतो. याहून पूर्ण असें देशकालकथन आम्हांस तरी दुसरें माहीत नाहीं. त्यांतील विशेष हा कीं, तें यजमान स्वतःच्या तोंडानें, चारचौघांत, मोठ्यानें करतो.

संगणकाच्या जाळ्यांतहि आरंभीं असाच कांहींसा प्रकार होता. १९८९ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं ज्या जाळ्याची कल्पना मांडली, त्यांतील पानानें फक्त इतकेंच सांगावयाचें होतें कीं, हें शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. तीं अक्षरें केवढीं दिसावींत, ओळ किती लांब असावी, हें वाचकाच्या यंत्रानें ठरवावयाचें. पुढें भाषेचीहि सोय झाली. वाचकाचा ब्राउझर पान मागावयास जातो तेव्हां तो बरोबर एक यादी धाडतो: मला मराठी चालेल, ती नसल्यास हिंदी, तीहि नसल्यास इंग्रजी, आणि प्रत्येक भाषेपुढें शून्य ते एक यांमधला एक अपूर्णांक लिहून तिची आवड किती तेंहि सांगतो. ही यादी वाचकास स्वतः लिहितां येते, बदलतां येते. पलीकडच्या यंत्रानें ती वाचावी आणि जवळ असेल त्यांतली उत्तम प्रत द्यावी, असा हा सरळ व्यवहार आहे.

मौज अशी कीं, हा संकल्प हातांत असतांहि पुष्कळ पानें तो वाचीतच नाहींत. वाचकाच्या जोडणीच्या क्रमांकावरून तो साधारण कोणत्या शहरांत आहे याचा अंदाज बांधतां येतो. त्या अंदाजावरून तीं त्याची भाषा ठरवितात. बंगळूरास नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबास कानडी पान, बडोद्याच्या मराठी घरास गुजराथी पान, तंजावरच्या घरास तमिळ पान! इंदूरच्या वा तंजावरच्या मराठी माणसांनीं पिढ्यान् पिढ्या घरांत जी भाषा राखली, ती नकाशावरून कशी कळावी? यजमानानें संकल्पांत आपलें गोत्र स्पष्ट सांगावें आणि उपाध्यायांनीं त्याच्या पागोट्यावरून दुसरेंच गोत्र धरून चालावें, तशांतला हा प्रकार. अंदाज करण्याची कला वाढली कीं, विचारण्याची रीत मागें पडते.

याच्या उलट एक लहानसा पण फार चांगला ऊह आम्हांस सांगावासा वाटतो. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाच्या अक्षरांहून निराळे, हें बाळबोध लिपि गिरवलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. दोन्ही वळणांस संगणकाच्या कोठारांत क्रमांक मात्र एकच दिलेला आहे. पानाच्या मुळाशीं 'हें पान मराठी' अशी एक बारीकशी खूण लिहिलेली असली, आणि वापरलेल्या अक्षरसंचांत तशी सोय केलेली असली, तर तीच अक्षरें मराठी वळणानें उमटतात. खूण हिंदीची असली तर हिंदी वळणानें. शब्द तोच, अर्थ तोच, वाचकाचें वय वा उत्पन्न कोणी विचारलें नाहीं, आणि तरी वाचणाऱ्याच्या डोळ्याला आपल्या घरचें अक्षर भेटलें. पुष्कळ मराठी पानांवर ही खूण घालण्याचे कष्ट कोणी घेत नाहीं, हें दुर्दैव.

पानाचा आकार बदलण्याचा प्रश्न आतां बहुतेक सुटल्यासारखा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं. २०१० सालीं ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकारानें एका लेखांत सुचविलें कीं, मोठ्या पडद्यासाठीं एक व फोनसाठीं दुसरें अशीं निरनिराळीं पानें करीत बसण्यापेक्षां एकच पान असें लवचिक करावें कीं, तें भांड्यांतल्या पाण्याप्रमाणें आपोआप जागेचा आकार घेईल. ही रीत लवकरच सर्वत्र रूढ झाली. तिच्या जोडीला, वाचकास रात्रीं काळ्या पार्श्वभूमीवर वाचावयाचें आहे काय, हलत्या चित्रांनीं त्याला घेरी येते काय, हें त्यानें आपल्या यंत्रांत एकदां नोंदवून ठेवावें आणि पानांनीं तें मानावें, अशीहि सोय झाली आहे. अक्षर दुप्पट मोठें केलें तरी पानावरील कांहीं हरवूं नये, हा नियम जाळ्याच्या व्यवस्थापक मंडळानें २००८ सालीं घालून दिला. ज्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला आहे अशा आमच्या वयाच्या मंडळींस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

येथवरचे बदल रूपाचे झाले. खरा विचार पुढेंच आहे. मजकूरच बदलावयाचा, कोणास काय सांगावयाचें आणि काय सांगावयाचें नाहीं हें यंत्रानें ठरवावयाचें, तर यंत्राला वाचक ओळखतां आला पाहिजे. या दिशेचा एक जुना प्रयत्न १९७९ सालचा. एलेन रिच या विदुषीनें 'ग्रंडी' नांवाचें एक संगणकी ग्रंथपाल रचलें. वाचकानें स्वतःचें वर्णन चार शब्दांत करावें. त्यावरून ग्रंडीनें तो कोणत्या ठराविक सांच्यांतला माणूस आहे हें अजमावून त्याला कादंबरी सुचवावी. कादंबरी पसंत पडली नाहीं तर ग्रंडी कारण विचारी आणि आपला अंदाज सुधारी. सांचा हा शब्द कानाला बरा वाटत नाहीं, हें खरें. पण येथेंहि वर्णनाला आरंभ वाचकाच्याच तोंडून होत होता.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत शिकविणारीं पानें निघालीं. जर्मनींतील ट्रियर येथें गेरहार्ड वेबर आणि पीटर ब्रुसिलोव्हस्की यांनीं 'लिस्प' नांवाची संगणकाची भाषा शिकविणारें एक पुस्तक जाळ्यावर चढविलें. त्याचें नांव 'एल्म-आर्ट'. नेदरलंड्समधील आइंडहोव्हन येथें पॉल डी ब्रा यांनीं 'आहा' नांवाची रचना केली. या दोहोंच्या पोटांत तीन गोष्टी असत. पहिली, विषयाची मांडणी, म्हणजे कोणतें प्रकरण समजण्यास आधीं कोणतें समजलेलें असावें लागतें तें. दुसरी, विद्यार्थ्याची प्रतिमा, म्हणजे प्रत्येक प्रकरण त्याला कितपत येतें याचा आंकडा. तिसरी, या दोहोंवरून काय दाखवावें याचे नियम. वेदान्ताचा प्रकरणग्रंथ ज्यांनीं गुरूपाशीं वाचला आहे, त्यांना अनुबंधचतुष्टय आठवेल: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. ग्रंथ कोणासाठीं, कशाविषयीं, त्या दोहोंचें नातें काय, आणि फळ काय, हें आरंभींच सांगावयाचें. यंत्रांत विषय आला, अधिकारी आला, संबंध आला. प्रयोजन उरलें, त्याकडे पुढें वळूं.

एल्म-आर्टमध्यें प्रत्येक प्रकरणाच्या दुव्याजवळ रस्त्यावरच्या दिव्यांप्रमाणें खूण असे. हिरवी म्हणजे तुझी तयारी झाली आहे, वाच. तांबडी म्हणजे आधींचें कांहीं राहिलें आहे. परंतु तांबड्या खुणेचें प्रकरणहि उघडतां येत असे, कोणी वाट अडवीत नसे. शिवाय 'हा भाग मला येतो' असें विद्यार्थ्यास स्वतः नोंदवितां येई. आहा-मध्यें योग्य दुवा निळा दिसे, आणि अयोग्य दुवा सामान्यतः काळा, म्हणजे भोंवतालच्या मजकुरांत असा मिसळून गेलेला कीं, तेथें दुवा आहे हेंच नवख्याला कळूं नये. दोन्ही रचना सद्हेतूनें केलेल्या, विद्वानांनीं केलेल्या. परंतु शिक्षक या नात्यानें आमचा कौल निःसंशय पहिलीकडे आहे. 'हें पान तुला आज जड जाईल' असें सांगणें ही शिकवणी झाली. तें पान अस्तित्वांतच नाहीं असें भासविणें ही निराळी गोष्ट झाली.

याचें कारण सविस्तर सांगतों. ज्या एका शाळेंत आम्हीं कांहीं वर्षें काम केलें, तेथें मुलांच्या गुणांवरून अ, ब, क, ड अशा तुकड्या पाडीत. 'अ' तुकडीस अनुभवी शिक्षक, 'ड' तुकडीस नुकता लागलेला. 'ड' तुकडीस व्याकरणाचा अर्धा भाग वगळूनच शिकवावा असा अलिखित दंडक होता. या पद्धतीचे पुष्कळ दोष सांगतां येतील. पण तिच्यांत एक गोष्ट उघडी होती. 'ड' तुकडींतल्या मुलास आपण 'ड'मध्यें आहों हें ठाऊक असे. 'अ'ची मुलें काय शिकतात तें त्याला मधल्या सुटींत कळे. एक मुलगा असा होता कीं, तो 'अ' तुकडींतल्या आपल्या चुलतभावाची वही घरीं नेऊन समास उतरून काढी, आणि वर्गांत येऊन आम्हांस बहुव्रीहीचे प्रश्न विचारी. त्याच्या बापानें मुख्याध्यापकांची गांठ घेतली, भांडला, आणि वर्षअखेरीस मुलाची तुकडी बदलून घेतली. आतां असें कल्पावें कीं, तुकड्या आहेत पण त्यांना नांवें नाहींत; प्रत्येक मूल आपापल्या कांचेपुढें बसलें आहे, आणि एका मुलीस यंत्रानें पहिल्या आठवड्यांतल्या चार चुकांवरून सोप्या वाटेला लावलें आहे. तिच्यापुढें रोज सोपीं उदाहरणें येतात, रोज शाबासकी मिळते, रोज हिरवी खूण दिसते. कठीण प्रकरण तिला नाकारलेलें नाहीं. तें तिला दाखविलेलेंच नाहीं. तिच्या बापानें कोणाशीं भांडावें, आणि कशाबद्दल?

शिवाय यंत्राला कळतें तें काय? पान उघडलें म्हणजे वाचलें, आणि वाचलें म्हणजे समजलें, असें पहिल्या पहिल्या रचना धरून चालत. पुढें प्रश्न विचारून पारख करूं लागल्या, तें बरें झालें. ज्यानें एकदां तरी वर्ग घेतला आहे त्याला माहीत आहे कीं, मान डोलावणारा मुलगा आणि समजलेला मुलगा हे दोन असूं शकतात. उलटपक्षीं खिडकीबाहेर पाहणाऱ्याला कधीं कधीं सर्व समजलेलें असतें.

आणखी एक घरगुती अडचण. बदल फार झाला तर वाचक वाट चुकतो. फडताळांतले डबे सुनेनें एका क्रमानें लावले आहेत. आतां कोणी हितचिंतक रोज रात्रीं येऊन, काल जिरें अधिक लागलें म्हणून जिऱ्याचा डबा पुढें आणि मेथ्या मागें असें करूं लागला, तर दुसऱ्या दिवशीं फोडणी करपल्यावांचून राहणार नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'ऑफिस २०००' या संचांत असाच उपद्व्याप केला होता. ज्या आज्ञा क्वचित् वापरल्या जात त्या यादींतून आपोआप दडून बसत. लोक हैराण झाले. २००७ च्या संचांत त्या याद्यांची मांडणीच मुळापासून बदलली.

प्रयोजनाविषयीं वर वचन दिलें होतें. शिकविणाऱ्या पानांत प्रयोजन वाचकाचें असतें; त्याला लिस्प यावी एवढाच हेतु. परंतु वाचक ओळखण्याची हीच विद्या दुकानदारीच्या हातीं गेली तेव्हां प्रयोजन पालटलें. प्रेक्षकांना चित्रपट पुरविणाऱ्या नेटफ्लिक्स कंपनीनें २००६ सालीं एक स्पर्धा लावली. कोणत्या ग्राहकास कोणता चित्रपट किती आवडेल याचें भाकित कंपनीच्या यंत्राहून शेंकडा दहा टक्के सरस करून दाखविणारास दहा लाख डॉलर. स्पर्धकांना ४,८०,१८९ ग्राहकांनीं १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक शेरे देण्यांत आले. २००९ च्या सप्टेंबरांत बक्षीस दिलेंहि गेलें. गणिताच्या दृष्टीनें हें काम मोठें, त्याबद्दल वाद नाहीं. परंतु मध्यंतरीं, २००८ सालीं, टेक्सास विद्यापीठांतील अरविंद नारायणन् व व्हिटाली श्मातिकोव्ह यांनीं दाखवून दिलें कीं, नांवें काढून टाकलेल्या त्या याद्यांतून, दुसऱ्या ठिकाणच्या थोड्याशा उघड्या शेऱ्यांशीं ताळा घालून, कांहीं माणसें ओळखतां येतात. माणसानें एकांतांत काय पाहिलें यावरून त्याचें मन वाचतां येतें; आणि त्याचें नांव पुसलें तरी तें मन त्याचेंच राहतें. दुसरी स्पर्धा लावण्याचा बेत कंपनीस २०१० सालीं सोडून द्यावा लागला.

चित्रपटाचें एक वेळ चालेल. एखादा रुचला नाहीं तर दोन घटका वायां गेल्या. पण २००९ च्या डिसेंबरांत गूगलनें जाहीर केलें कीं, शोधाचे निकालहि यापुढें, ज्यांनीं आपलें नांव नोंदविलेलें नाहीं अशांसाठींसुद्धां, ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या शोधांवरून बदलतील. या गोष्टीवरून एली पॅरिसर या अमेरिकन लेखकानें २०११ सालीं एक पुस्तक लिहिलें आणि अशा वाचकाच्या स्थितीस बुडबुड्याची उपमा दिली. प्रत्यक्षांत हा बुडबुडा कितपत दाट आहे याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत, आणि आम्हांसहि पॅरिसरांचें भय कांहींसें अतिशयोक्त वाटतें. तथापि मूळ मुद्दा त्यानें ढळत नाहीं. घरांतल्या दोघांनीं एकाच औषधाची माहिती शोधली आणि दोघांस निरनिराळीं पानें पुढें आलीं, तर रात्रीच्या जेवणाच्या वेळीं त्यांचा वाद कोणत्या आधारावर मिटावा? पूर्वीं निदान कोश उघडतां येत असे.

येथेंच ऊहाची मर्यादा ठरवावयास हवी. आमच्या मतें अक्षराचा आकार, भाषा, उदाहरणें, समजावून सांगण्याचा विस्तार, यांत यंत्रानें खुशाल ऊह करावा. जितका करील तितका थोडा. औषधाचें प्रमाण, कायद्याचें कलम, परीक्षेचा अभ्यासक्रम, घडलेली घटना, यांच्या मजकुरांत करूं नये. आणि कांहीं पानें आहेत एवढें ज्ञान तरी कोणापासूनहि लपवूं नये. टेड नेल्सन यांनीं फार पूर्वीं सुचविलेली एक युक्ति या कामीं आम्हांस फार आवडते. वाक्य आंखूड दिसतें. त्यावर बोट ठेवलें कीं, तें जागच्या जागीं लांबतें आणि सविस्तर अर्थ सांगूं लागतें. ज्याला हवें त्यानें उलगडावें, ज्याला नको त्यानें मिटावें. सूत्र, वृत्ति आणि भाष्य हीं एकाच पानांत नांदल्यासारखें.

याहून महत्त्वाची सूचना ऑस्ट्रेलियांतील सिडनी विद्यापीठांतून आली. ज्यूडी के या विदुषीनें अनेक वर्षें हा आग्रह धरला आहे कीं, यंत्रानें वाचकाची जी प्रतिमा बनविली असेल ती वाचकास उघडून पाहतां आली पाहिजे. यंत्र मला काय समजतें, कशावरून समजतें, आणि त्यामुळें माझ्या पानांत काय बदललें, या तिन्ही प्रश्नांस उत्तर मिळावें, आणि चूक असेल तेथें वाचकास ती दुरुस्त करतां यावी. त्या मुलीच्या बापाला ज्याची गरज होती तें हेंच. दिसावयास सूचना साधी आहे, पण ती अमलांत आणावयाची तर यंत्राचे नियम माणसाच्या भाषेंत सांगतां येण्याजोगे असावे लागतात. आणि हल्लींच्या प्रचंड गणितांत तेंच कठीण होऊन बसलें आहे. कठीण आहे म्हणून सोडून द्यावें, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. ज्या गुणपत्रिकेचें कारण सांगतां येत नाहीं ती शिक्षकानें देऊं नये.

कायद्यानें थोडें पाऊल पुढें टाकलें आहे. युरोपांतील एका कायद्यान्वयें २०२३ च्या ऑगस्टपासून अतिशय मोठ्या जाळेव्यवसायांस, आपण शिफारशी कोणत्या मुख्य निकषांवर करतों हें सांगावें लागतें, आणि वाचकाची प्रतिमा न बनवितां केलेल्या शिफारशींचा एक तरी पर्याय द्यावा लागतो. आपल्याकडे २०२३ सालींच संमत झालेल्या वैयक्तिक विदासंरक्षणाच्या कायद्यांत, अठरा वर्षांखालील मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून नेमक्या जाहिराती दाखविण्यास मनाई सांगितली आहे. अपवाद करण्याची मुभा सरकारनें राखून ठेवली आहे. प्रौढांस शिफारशींचें कारण मागण्याचा युरोपासारखा स्पष्ट हक्क त्यांत नाहीं.

आपल्या घरांत या विषयाचें एक विशेष अंग दिसतें, तें परदेशी पंडितांच्या लिखाणांत बेताचेंच आढळतें. त्यांचें गृहीत असें कीं, एक यंत्र म्हणजे एक वाचक. आपल्याकडे एकच फोन सकाळीं नातवाकडे, दुपारीं सुनेकडे, सायंकाळीं आजींकडे. अभंग, बीजगणित, क्रिकेट आणि साड्यांचे भाव यांवरून यंत्र ज्या एका माणसाची प्रतिमा तयार करतें, तो माणूस त्या घरांत राहतच नाहीं. नेटफ्लिक्सनें २०१३ पासून आरंभीं 'कोण पाहत आहे?' असें विचारून प्रत्येकाचें खातें निराळें ठेवण्याची सोय केली. संकल्पाच्या जवळ जाणारी अशी ही एक गोष्ट; परंतु फोनवरचीं वृत्तपानें व चित्रपानें हा प्रश्न क्वचितच विचारतात. आमच्या शेजारच्या आजींनीं यावर आपला उपाय काढला आहे. दर एकादशीस त्या नातीकडून फोनमधील मागच्या सर्व नोंदी पुसून घेतात, आणि मग निवांतपणें ज्ञानेश्वरीवरील प्रवचन लावतात. यंत्र बिचारें पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेऊं लागतें. द्वादशीस सकाळीं फोन नातवाच्या हातीं जातो, आणि पारणें आटोपून आजी चष्मा लावतात तों समोर पुन्हा धांवसंख्या.